इटली सत्तरीच्या पुढे, अमेरिका ६३ : मग मुलीनं जावं कुठे?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी डब्लिनला शिकली, तिथेच नोकरी करते, तीन वर्षं एका मुलीसोबत राहते आणि आता दोघींना लग्न करायचंय. हातात दोन नोकऱ्या आहेत, एक मिलानची आणि एक टेक्सासमधल्या ऑस्टिनची. तुम्ही नाशिकला बसून समलिंगी विवाहाला कोणत्या देशात किती टक्के पाठिंबा आहे याचा तक्ता शोधलात. त्यात इटली सत्तरीच्या पुढे, अमेरिका ६३. म्हणून तिला मिलान सुचवलंत, तर ती हसली. मग दुसरीकडे त्याच वर्षाचा अमेरिकेचा आकडा ७१ दिसला आणि तुमचा गोंधळ उडाला. त्यात तुमचे एक मित्र म्हणतात, अमेरिकेतही लोकांना हे नकोच आहे, न्यायाधीशांनी लादलंय.

मुलगी का हसली ते आधी. इटलीत तिला लग्न करताच येणार नाही. तिथे २०१६ पासून सिव्हिल युनियन आहे, म्हणजे लग्नासारखी नोंदणी, लग्न नव्हे. उलट अमेरिकेत, टेक्साससकट पन्नासही राज्यांत, सर्वोच्च न्यायालयाच्या २६ जून २०१५ च्या निकालापासून समलिंगी जोडप्याला रीतसर लग्न करता येतं. म्हणजे तुमच्या तक्त्यात वर असलेल्या देशात लग्न नाही आणि खाली असलेल्या देशात आहे. तक्ता खोटा नाही. तुम्ही त्याला विचारलंत एक, त्याला माहीत होतं दुसरंच.

मी कुठून बोलते तेही सांगते. मी वकील नाही. एकोणीस वर्षं जनमत पाहण्यांच्या कामात आहे. सुरुवात पुण्यात सोसायट्यांचे जिने चढून साबण कोणता वापरता हे विचारण्यापासून झाली; गेली बारा वर्षं नेदरलँड्समध्ये युट्रेख्टला प्रश्नावल्या बेतणं आणि आलेले आकडे तपासणं हेच करते. त्यामुळे मी सांगू शकते ते एवढंच, की असा आकडा हातात आला की तो कसा धरायचा. बाकी बरंचसं तुमच्या मुलीच्या परिस्थितीवर आहे : जोडीदाराचा पासपोर्ट कोणत्या देशाचा, मुलं हवीत का, किती वर्षं राहणार, शहरात की शहराबाहेर. यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, म्हणून उत्तरही तितक्याच बेतानं वाचा.

आता ६३ आणि ७१. पहिला आकडा प्यू रिसर्च सेंटरचा, दुसरा गॅलपचा, दोन्ही २०२३ चे. दोन्ही जनमत पाहणाऱ्या अमेरिकी संस्था, नावाजलेल्या, दोन्हींचे नमुने नीट निवडलेले. तरी आठ टक्क्यांचा फरक, म्हणजे काही कोटी माणसांचा. गॅलपचा प्रश्न साधारण असा : समलिंगी जोडप्यांचे विवाह, पारंपरिक विवाहांइतकेच हक्क देऊन, कायद्यानं वैध मानावेत की मानू नयेत? प्यूचा असा : गे आणि लेस्बियन व्यक्तींना कायदेशीर लग्न करू देण्याला तुमचा जोरदार पाठिंबा आहे, पाठिंबा आहे, विरोध आहे की जोरदार विरोध? पहिल्यात जोडपी आहेत, विवाह जणू झालेच आहेत, आणि शब्द 'हक्क' आहे. दुसऱ्यात माणसांच्या गटाचं नाव आहे आणि 'करू देणं' आहे. शिवाय गॅलप फोनवर विचारतं, पलीकडे कोणीतरी ऐकत असतं. प्यूचे अमेरिकेतले लोक घरी एकटे बसून ऑनलाइन फॉर्म भरतात.

समोर माणूस असला की आपण जरा बऱ्यासारखं बोलतो. पुण्यात मी 'आठवड्यातून किती वेळा फळं खाता' असं विचारायचे, तेव्हा कोथरूडमध्ये प्रत्येक घर रोज फळं खात होतं. तेच कागदावर लिहून मागितलं की फळं निम्म्यावर यायची. यात खोटेपणा नसतो, संकोच असतो. आणि गंमत म्हणजे प्यूच्या त्याच तक्त्यात पश्चिम युरोपातल्या लोकांना फोनवर विचारलेलं होतं. म्हणजे स्वीडनचे ९२, नेदरलँड्सचे ८९, स्पेनचे ८७, फ्रान्सचे ८२, जर्मनीचे ८० हे आकडे फोनवरचे आणि अमेरिकेचे ६३ एकांतातले. अमेरिकेतल्या लोकांनाही फोन केला असता तर दरी थोडी कमी दिसली असती. मिटली नसती, हेही खरं. मी असा तक्ता वाचते तेव्हा पाच-सात टक्क्यांचे फरक सरळ सोडून देते आणि वीस-तीस टक्क्यांचे तेवढे बघते.

युरोपीय महासंघाची स्वतःची पाहणी आहे, युरोबॅरोमीटर. तिच्यात लोकांपुढे एक विधान ठेवतात : समलिंगी विवाहांना संपूर्ण युरोपात परवानगी असावी. सहमत की असहमत? २००६ मध्ये महासंघात ४४ टक्के सहमत होते, २०१५ मध्ये ६१, २०१९ मध्ये ६९, २०२३ मध्ये ७२. मधल्या काळात सभासद देश बदलले, तरी चढ खराच आहे. पण 'संपूर्ण युरोपात' हे दोन शब्द बघा. एकदा नेदरलँड्सच्या दक्षिणेकडच्या लिंबर्ग प्रांतात एका शेतकऱ्याच्या ओट्यावर मी असाच एक मसुदा तपासत होते. तो म्हणाला, आमच्याकडे आहे ते छान आहे, माझ्या पुतणीचंच झालंय. पण बल्गेरियानं काय करावं हे आम्ही कशाला सांगायचं? त्याचं उत्तर नोंदलं गेलं 'असहमत'. आकड्यांत तो समलिंगी विवाहाच्या विरोधात जमा झाला आणि पुतणीच्या लग्नाचा फोटो मागच्या भिंतीवर होता.

त्याच पाहणीत स्वीडन नव्वदीच्या पुढे असतो आणि बल्गेरिया विशीच्या आत. प्यूच्या तक्त्यात पोलंड ४१, हंगेरी ३१. तेव्हा 'पाश्चात्त्य देशांत मान्यच असतं' या वाक्यातल्या 'पाश्चात्त्य' शब्दात तुम्ही कोणाकोणाला बसवता, यावरच अर्धं उत्तर ठरतं.

तुमच्या मित्राच्या म्हणण्याकडे वळते. न्यायाधीशांनी लादलं, हे अमेरिकेतल्या एका वेगळ्या लग्नाबद्दल म्हटलं तर शोभेल. १९६७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं गोऱ्या-काळ्यांच्या लग्नांवरच्या बंद्या रद्द केल्या. पुढच्या वर्षी गॅलपनं विचारलं, तर अशा लग्नांना पसंती देणारे जेमतेम २० टक्के. म्हणजे तिथं न्यायालय लोकांच्या फार पुढे गेलं होतं. २०२१ पर्यंत तोच आकडा ९४ वर आला. समलिंगी विवाहाचं उलटं झालं. १९९६ मध्ये पाठिंबा होता २७ टक्के, आणि २०१५ मध्ये पाच विरुद्ध चार असा निकाल लागला तेव्हा ६०. निकालाच्या आधीच निम्म्याहून जास्त लोक तिथं पोचले होते. मात्र देशाची ही सरासरी राज्याराज्यांत सारखी नव्हती. टेक्सासमध्येच नोव्हेंबर २००५ मध्ये मतदारांनी सुमारे ७६ टक्के मतांनी राज्यघटनेत बंदी लिहून घेतली होती. ते कलम आजही छापील राज्यघटनेत आहे, फक्त लागू होत नाही.

इटलीत लोक पुढे आणि कायदा मागे. तिथे काहीच कायदा नव्हता, तेव्हा २०१५ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं इटलीला दोषी धरलं. मग २०१६ मध्ये युनियनचा कायदा आला, तोही संसदेत घासाघीस होऊन. जोडीदाराचं मूल दत्तक घेण्याचं कलम मतं जुळावीत म्हणून काढून टाकलं. आणखी एक गोष्ट गाळली, ती मला फार बोलकी वाटते. इटलीच्या कायद्यात नवरा-बायकोवर एकमेकांशी एकनिष्ठ राहण्याचं बंधन लिहिलेलं आहे. युनियनच्या मसुद्यातून तेवढं वगळलं, हे लग्नासारखं दिसू नये म्हणून. २०२३ मध्ये पादुआ शहरात सरकारी वकिलांनी न्यायालयात मागणी केली, की दोन आया असलेल्या मुलांच्या जन्मदाखल्यांवरून जन्म न दिलेल्या आईचं नाव काढा. मे २०२५ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं मूल होण्यासाठीच्या उपचारांना संमती दिलेल्या दुसऱ्या आईच्या बाजूनं निकाल दिला. म्हणजे परिस्थिती हलते आहे, पण मिलानला जाणाऱ्या जोडप्याला हे सगळं माहीत हवं.

सत्तर टक्के लोकांचा पाठिंबा असून लग्नाचा कायदा का नाही, असं तुम्ही विचाराल. पाहणीत आम्ही पाठिंबा मोजतो, त्याची तीव्रता क्वचित मोजतो. इटलीतला सरासरी पाठीराखा 'हो, करू दे की' म्हणतो आणि निवडणुकीत पगार, पेन्शन आणि स्थलांतर बघून मत देतो. विरोधक थोडे, पण त्यांच्यासाठी हा पहिल्या क्रमांकाचा प्रश्न असतो. ते संघटित आहेत, पक्षांत आहेत, चर्चच्या वर्तुळात आहेत. उत्तर आयर्लंडमध्येही असंच अडलं होतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये तिथल्या विधानसभेत समलिंगी विवाहाच्या बाजूनं ५३ आणि विरुद्ध ५२ मतं पडली, तरी डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षानं एका खास तरतुदीनं नकाराधिकार वापरला. शेवटी विधानसभा बंद पडलेली असताना लंडनच्या संसदेनं कायदा केला आणि तो जानेवारी २०२० मध्ये लागू झाला.

आता तुमच्या मुलीच्या डब्लिनबद्दल, कारण मला स्वतःला हे प्रकरण सगळ्यांत आवडतं. आयर्लंडमध्ये पुरुषांमधले समलिंगी संबंध १९९३ पर्यंत गुन्हा होते. १९९५ मध्ये घटस्फोटाला परवानगी द्यावी का यावर सार्वमत झालं आणि ते फक्त नऊ हजारांच्या आसपास मतांनी निसटतं जिंकलं गेलं. घटस्फोट! त्याच देशात वीस वर्षांनी, २२ मे २०१५ ला, समलिंगी विवाहाच्या घटनादुरुस्तीला ६२ टक्के लोकांनी होकार दिला. ४३ मतदारसंघांपैकी एकट्या रॉसकॉमन-साउथ लीट्रिमनं नकार दिला, तोही थोडक्यात.

हे एका प्रचारमोहिमेनं झालेलं नाही. आधी २०१२ ते २०१४ या काळात तिथे घटनेवर विचार करायला शंभर जणांचं अधिवेशन बसवलं होतं : एक अध्यक्ष, ३३ राजकारणी आणि ६६ साधे नागरिक, मतदारांतून निवडलेले. शनिवार-रविवारी हॉटेलात बसून ते तज्ज्ञांचं ऐकत, गटागटानं वाद घालत. एप्रिल २०१३ मध्ये त्यांच्यातल्या ७९ टक्क्यांनी समलिंगी विवाहाची शिफारस केली. मग सार्वमताच्या वेळी माणसं दारोदार जाऊन स्वतःच्या घरातलं सांगू लागली. माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस, पक्क्या कॅथलिक, आपल्या गे मुलाबद्दल जाहीरपणे बोलल्या.

आणि जानेवारी २०१५ मध्ये आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांनी आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी रेडिओवर सांगितलं, की मी गे आहे. वराडकर म्हणजे मालवण तालुक्यातलं वराड. वडील मुंबईहून डॉक्टर म्हणून तिकडे गेलेले. दोन वर्षांनी लिओ पंतप्रधान झाले. डिसेंबर २०१९ मध्ये ते वराडला येऊन गेले तेव्हा गावानं त्यांचं स्वागत केलं. कोकणातल्या माझ्या एका मावसबहिणीनं तेव्हा मला फोन करून विचारलं होतं, 'त्यांचं ते सगळं गावाला माहीत आहे का गं?' माहीत होतंच, पेपरात आलं होतं. बोललं कोणी नाही.

आयर्लंडच्या सार्वमतात आमच्या धंद्यासाठीही एक धडा होता. आधीच्या चाचण्या होकार सत्तरीच्या आसपास दाखवत होत्या, पेटीतून निघाले ६२. 'नाही' म्हणायचं ठरवलेले काही लोक फोनवर ते बोलले नसावेत असा माझा अंदाज आहे. म्हणून जिथं प्रत्यक्ष मतदान झालंय तिथं मी पाहणीपेक्षा मतमोजणीवर जास्त विसंबते. स्वित्झर्लंड, सप्टेंबर २०२१ : ६४.१ टक्के होकार, एकही कँटन, म्हणजे तिथलं राज्य, विरोधात नाही, आणि हा तो देश जिथं बायकांनाच संघराज्याच्या पातळीवर मताचा हक्क १९७१ मध्ये मिळाला. स्लोव्हेनिया, डिसेंबर २०१५ : ६३ टक्क्यांहून जास्त नकार, पण मतदानाला तिघांतला जेमतेम एकच आलेला, पुढे २०२२ मध्ये घटना न्यायालयानं लग्नाचा हक्क दिला.

ऑस्ट्रेलियावर जरा थांबते, कारण मराठी माणसं तिथं भरपूर आहेत आणि या आकड्यांचा सर्वांत चुकीचा अर्थ मी आपल्याच लोकांकडून ऐकला. २०१७ मध्ये सरकारनं टपालानं प्रश्न पाठवला : समलिंगी जोडप्यांना विवाह करता यावा म्हणून कायदा बदलावा का? बंधनकारक नसताना ७९.५ टक्के लोकांनी पाकिटं परत धाडली. होकार ६१.६ टक्के. १५० मतदारसंघांपैकी १३३ हो, १७ नाही, आणि त्या १७ मधले १२ एकट्या पश्चिम सिडनीत. पॅरामॅटा मतदारसंघात नकार बरोब्बर ६१.६ टक्के, देशाच्या आकड्याची आरशातली प्रतिमाच. हॅरिस पार्क याच पट्ट्यात येतं, जिथं तुम्हाला पाणीपुरी आणि चितळ्यांची बाकरवडी दोन्ही मिळेल. निकालाच्या संध्याकाळी तिथल्या एका मराठी गटात संदेश फिरत होता : 'आपल्या लोकांनी संस्कृती राखली.'

पाकिटावर कोणाची भाषा, धर्म किंवा जन्मगाव लिहिलेलं नव्हतं. त्या मतदारसंघात लेबनीज, चिनी, भारतीय, कोरियन, दोन-तीन पिढ्यांचे गोरे ऑस्ट्रेलियन, सगळे आहेत. परिसर 'नाही' म्हणाला म्हणून त्यातला अमुक समाज 'नाही' म्हणाला असं काढता येत नाही. तसं काढायचं तर प्रत्येकाला वेगळं विचारावं लागेल. आमच्याकडे नव्यानं येणाऱ्या मुलांना ही चूक मी पहिल्याच आठवड्यात शिकवते, आणि दुसऱ्या आठवड्यात ती करतातच.

फ्रान्स आणि जर्मनीबद्दल थोडक्यात. फ्रान्समध्ये २०१३ च्या कायद्याच्या वेळी लाखांनी लोक रस्त्यावर उतरले होते. टीव्हीवर बघून वाटावं अख्खा देश विरोधात आहे. २०२३ मध्ये पाठिंबा ८२. तिथली खरी चुरस लग्नापेक्षा मुलांवर होती, आणि दोन बायकांच्या जोडप्यांना उपचारानं मूल होऊ देण्याचा कायदा यायला २०२१ उजाडलं. जर्मनीत ३० जून २०१७ ला संसदेनं ३९३ विरुद्ध २२६ मतांनी लग्न खुलं केलं, तेव्हा मतदानाची वाट मोकळी करून देणाऱ्या चॅन्सेलर मर्केल यांनी स्वतः विरोधात मत दिलं. तिथं आजही जोडीदारानं जन्म दिलेलं मूल दुसऱ्या आईला दत्तक घ्यावं लागतं, लग्न झालेलं असलं तरी.

आता ज्या गोष्टीमुळे बापाला झोप लागत नाही ती. रस्त्यात, ऑफिसात, घरमालकाकडे काय होईल? विवाहाच्या टक्केवारीवरून हे फार थोडं कळतं. नेदरलँड्सचंच घ्या. १ एप्रिल २००१ ला मध्यरात्र उलटल्याबरोबर अॅमस्टरडॅमच्या महापौरांनी चार जोडप्यांची लग्नं लावली, जगातली पहिली. तरी इथल्या सरकारी संशोधन संस्थेनं 'रस्त्यात चुंबन घेणारं जोडपं दिसलं तर तुम्हाला खटकतं का' असं वर्षानुवर्षं विचारलंय, आणि पुरुष-बाई असले तर खटकणारे सर्वांत कमी, दोन बायका असल्या तर जास्त, दोन पुरुष असले तर त्याहून जास्त, हा क्रम काही बदललेला नाही. मी स्वतः युट्रेख्टमध्ये हात धरून चाललेली पुरुषांची जोडपी बघते. ट्राम रिकामी झाली की काही जण हात सोडतात, भरली की पुन्हा धरतात. काहींचं नेमकं उलटं.

म्हणून युरोपातल्या एका मोठ्या सामाजिक पाहणीतला एक प्रश्न मला विवाहाच्या प्रश्नापेक्षा जास्त कामाचा वाटतो : तुमच्या जवळच्या नात्यातलं कोणी गे किंवा लेस्बियन असेल तर तुम्हाला लाज वाटेल का? पाच-सहा वर्षांपूर्वी अशाच एका प्रश्नावलीचा मराठी मसुदा मी लंडनजवळ स्लाउमध्ये, तिथं चाळीस वर्षं राहिलेल्या एका काकूंवर तपासून पाहत होते. मी वाचलं, 'समलिंगी विवाहाला मान्यता असावी का?' काकू चहा गाळत होत्या. म्हणाल्या, 'कायद्याचं म्हणाल तर असू दे की. आमच्याकडे म्हणाल तर नको गं बाई.' मी विचारलं, मग खूण कुठे करू? त्या म्हणाल्या, 'तूच बघ, दोन्हीकडे कर.' आपल्या 'मान्य' शब्दात सरकारची मान्यता आणि माझ्या मनाला पटणं, दोन्ही कोंबलेलं आहे. मी तो शब्द मसुद्यातून काढला आणि 'कायद्यानं लग्न करता यावं का' असं केलं. पण काकूंची दोन उत्तरं मी विसरले नाही. तुमच्या तक्त्यात त्यांचं पहिलंच उत्तर येतं.

आकडा कोणत्या दिशेला चाललाय हेही बघायला हवं, आणि इथं अमेरिकेबद्दल सावध राहा. गॅलपचा आकडा २०२२ आणि २०२३ मध्ये ७१ होता, २०२४ मध्ये ६९, २०२५ मध्ये ६८. पाहणीत जी थोडी चूक धरूनच चालतात, तिच्या मर्यादेतही एवढी घसरण बसेल. पण आत डोकावलं तर डेमोक्रॅट ८८ वर आहेत, आणि रिपब्लिकन २०२२ मध्ये ५५ होते ते २०२५ मध्ये ४१ वर आलेत. या एका प्रश्नापुरते ते दोन वेगळे देश समजा, एक नेदरलँड्सजवळचा, दुसरा पोलंडजवळचा. ऑस्टिन शहर पहिल्यात आहे, त्याच्याभोवतीचं राज्य बहुतांशी दुसऱ्यात.

मग मिलान की ऑस्टिन? मी तुमच्या जागी असते तर निवड तिच्यावर सोडली असती, पण एक गोष्ट आग्रहानं सांगितली असती : निघण्याआधी डब्लिनमध्येच लग्न उरका. आयर्लंडमध्ये लग्नाची नोटीस किमान तीन महिने आधी द्यावी लागते, तेव्हा नोकरीवर रुजू व्हायची तारीख ठरवताना ते धरा. तिथलं लग्न अमेरिकेचं केंद्र सरकार व्हिसा वगैरेसाठी धरतं, आणि डिसेंबर २०२२ च्या कायद्यानं केंद्रापुरती ही बाजू पक्की केली आहे. उद्या सर्वोच्च न्यायालयानं २०१५ चा निकाल फिरवलाच तर राज्यं नवी लग्नं लावायचं थांबवू शकतील. नोव्हेंबर २०२५ मध्ये तसं करायला सांगणारा एक अर्ज न्यायालयानं ऐकायलाच घेतला नाही. मिलानला गेल्या तर मुलांचा बेत असेल तर तिथल्या वकिलाला आधी भेटा. ऑफिसातल्या वागण्याची चिंता मला दोन्ही शहरांत सारखीच, म्हणजे थोडीशी, वाटते. कंपनीत आधीच कोणी असं जोडपं आहे का, हे तिनं विचारून घ्यावं. तक्त्यापेक्षा ते उत्तर खात्रीचं.

आपल्याकडचंही डोक्यात ठेवा. १७ ऑक्टोबर २०२३ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, तेव्हा डब्लिनचा दाखला नाशिकला चालणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारनं एवढं स्पष्ट केलंय, की अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खातं काढायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. बाकीच्यासाठी, म्हणजे इथं कोणी आजारी पडलं किंवा घर-जमिनीचा प्रश्न आला तर, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र करून ठेवायला सांगा.

आणि जोडीदाराचा पासपोर्ट कोणता ते मला नक्की कळवा. ती युरोपीय महासंघातली असेल तर मिलानचं गणित बरंच बदलतं. लग्न होऊन ती इटलीत कामाला गेली, तर जून २०१८ च्या युरोपीय न्यायालयाच्या एका निकालामुळे तुमच्या मुलीला तिची पत्नी म्हणून तिथं राहण्याचा हक्क मिळतो, इटलीत असं लग्न लागत नसलं तरी. ती भारतीयच असेल तर दोघींना आपापल्या नोकरीच्या व्हिसावर जावं लागेल का, हे आधी तपासावं लागेल.